ठोकळ्यांचा पसारा आणि कारागिरांचे काम

मुलांच्या खेळण्यातील ठोकळे हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु आमच्या वाचकांत सुतार आहेत, शिलाईचे कारखानदार आहेत, पिशव्या शिवणारे आहेत, प्लास्टिकच्या डब्यांचे आणि खेळण्यांचे दुकानदार आहेत. शहरातल्या ज्या घरात मूल आहे त्या घरात आज एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे असतात. आणि जिथे ठोकळे आहेत तिथे पसारा आहे. हा पसारा नीट आवरण्याची सोय ज्याला करून देता येईल त्याला काम आहे. मात्र ती सोय समजून केली पाहिजे. न समजता केली तर मेहनतही जाते आणि गिऱ्हाईकही जाते.

आमच्या परिचयाचे ठाणे जिल्ह्यातील एक सुतार मिस्त्री आहेत. हात चोख, शब्दाचे पक्के. एका घरातून त्यांना ठोकळे ठेवण्यासाठी कपाटाची ऑर्डर मिळाली. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटा दीड वर्षाचा. मिस्त्रींनी चोवीस खणांचे कपाट केले. प्रत्येक खण सात इंच खोल, आणि प्रत्येक रंगाला वेगळा खण. दिसायला कपाट देखणे झाले. महिन्याभराने त्या घरच्या बाईंचा निरोप आला, "मिस्त्रीभाई, कपाट छान आहे. पण मुलाला हवा तो तुकडा एकदाही सापडत नाही. तो सगळा खणच जमिनीवर पालथा करतो." आणि त्या पालथ्या केलेल्या ढिगातला एक बारीक तुकडा धाकट्याने तोंडात घातला होता. सुदैवाने तो त्याने स्वतःच थुंकून टाकला. मिस्त्रींनी ते काम पदरचे चार दिवस घालून पुन्हा करून दिले. ते आम्हाला म्हणाले, "लाकडात चूक नव्हती. चूक विचारण्यात झाली. आत काय राहणार आहे हे मी विचारलेच नाही."

हा लेख त्या विचारण्याविषयी आहे.

हे खेळणे मुळात एका सुताराचे

ज्या ठोकळ्यांना आपल्याकडे सर्रास 'लेगो' म्हणतात त्यांची सुरुवात डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात झाली. ओले कर्क क्रिस्टियनसेन हे तिथले सुतार. जगभर मंदी आली तेव्हा घरे-फर्निचरची कामे आटली. म्हणून १९३२ मध्ये त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ मध्ये 'लेगो' हे नाव घेतले. डॅनिश भाषेतील 'छान खेळा' अशा अर्थाच्या दोन शब्दांतून ते तयार झाले. १९४९ मध्ये त्यांनी प्लास्टिकचे जोडठोकळे बाजारात आणले. त्याआधी इंग्लंडमध्ये तशाच धर्तीचे ठोकळे निघाले होते, त्यांच्यावरून ही कल्पना घेतलेली होती. पण ते ठोकळे एकमेकांना घट्ट धरत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी आतल्या पोकळ नळ्यांच्या रचनेचा पेटंट अर्ज झाला आणि तो दोष गेला. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली, त्यानंतर कंपनीने लाकडी खेळणी बंद केली.

या कंपनीत एक हकिकत सांगितली जाते. ओले कर्क यांच्या मुलाने लाकडी बदकांना रंगाचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवल्याचे वडिलांना मोठ्या आनंदाने सांगितले. वडिलांनी त्याला स्टेशनवरून माल परत आणायला लावला आणि तिसरा हात देऊन मगच रवाना करायला सांगितले. कारागिराला यापेक्षा वेगळा धडा नको.

आता मापे पाहू, कारण सुताराला आणि शिंप्याला मापाशिवाय बोलता येत नाही. ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, उंचवटे सोडून, ९.६ मिलिमीटर. चपट्या तुकड्याची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन चपटे तुकडे एकावर एक ठेवले की एक ठोकळा होतो. दोन बाय चार उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा सुमारे ३२ मिलिमीटर लांब, १६ मिलिमीटर रुंद आणि वजनाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. असे एक हजार ठोकळे म्हणजे सव्वादोन किलोच्या वर वजन झाले. लहान मुलांसाठी १९६९ पासून जे 'डुप्लो' ठोकळे निघतात ते लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दुप्पट असतात, म्हणजे जागा आठपट घेतात. डब्याचे माप ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

१९५८ नंतरचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. म्हणजे मोठ्या भावाचे खेळणे धाकट्याला आणि मामाच्या लहानपणचे भाच्याला चालते. दोन बाय चारचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. हे खेळणे महाग असूनही लोक का घेतात ते यावरून कळावे. पण ही किंमत तुकडे शाबूत असतील तोवरच. एक चाक हरवले की गाडी चालत नाही.

ढिगात तुकडा का सापडत नाही

धान्याचे व्यापारी एक गोष्ट रोज पाहतात. पोते हलवले की बारीक कणी खाली जाते आणि मोठे दाणे वर येतात. ठोकळ्यांच्या डब्यात तेच होते. मूल हात घालून ढवळते, आणि जितके ढवळते तितके बारीक तुकडे मोठ्यांच्या फटींतून तळाशी जातात. शोधायचा असतो बहुधा बारीक तुकडाच. शेवटी डबा पालथा होतो. म्हणून पहिला नियम असा की साठवण उथळ हवी. थर तीन-चार इंचांपेक्षा जाड नसावा. मिस्त्रींचे सात इंचांचे खण इथेच चुकले.

दुसरी चूक रंगाची. घरी आवरायला बसले की प्रत्येकाला प्रथम रंगच सुचतो. लाल एकीकडे, निळे एकीकडे. दिसायला सुंदर, पण कामाचे नाही. शंभर लाल तुकड्यांत एक लाल बिजागरी शोधून पाहा, नजर थकते. उलट शंभर बिजागऱ्या एका डब्यात ठेवा, त्यात लाल बिजागरी पटकन दिसते. नजरेला रंग लवकर कळतो, आकार उशिरा. म्हणून जे काम नजर आपोआप करते ते तिच्यावर सोडावे आणि जे तिला जड जाते ते डब्याने करावे. आकाराप्रमाणे वेगळे करावे, रंगाप्रमाणे नव्हे.

हार्डवेअरच्या दुकानदाराला हे सांगावे लागत नाही. तो स्क्रू रंगाप्रमाणे ठेवत नाही, मापाप्रमाणे ठेवतो. तीच रीत इथे चालते.

किती ठोकळे, किती डबे

गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारावा, "ठोकळे किती आहेत?" त्यावर पुढचे सर्व ठरते.

थोडे असतील, म्हणजे दोन-तीन संचांचे, तर वर्गवारी करूच नये. एक उथळ टोपली आणि खाली अंथरायला एक चादर पुरे. थोड्या मालासाठी फार डबे केले की मूल आवरण्यालाच कंटाळते.

मध्यम असतील, एखाद्या मोठ्या टोपल्यात मावणार नाहीत इतके, तर सहा ते आठ वर्ग करावेत. ठोकळे, चपटे तुकडे, छपराचे उतरते तुकडे, चाके व धुऱ्या, दारे-खिडक्या, माणसे व त्यांचे सामान, भोकांच्या लांब पट्ट्या, आणि 'इतर'. हा 'इतर' वर्ग हवाच. तो नसला तर ज्या तुकड्याला जागा नाही तो चुकीच्या जागी जातो आणि सगळी रचना बिघडते.

फार असतील तर जो डबा भरून वाहू लागेल तेवढाच फोडावा. ठोकळ्यांचा डबा भरला तर दोन ओळींचे आणि एका ओळीचे वेगळे करावेत. बाकीच्यांना हात लावू नये. सुरुवातीलाच चाळीस वर्ग पाडणारा मनुष्य आठवड्यात थकतो. वर्ग गरजेप्रमाणे वाढावेत.

दुसरा प्रश्न विचारावा तो असा, "मुलगा पुस्तिकेत पाहून तीच वस्तू करतो, की मनाने काहीही करतो?" पुस्तिकेप्रमाणे करणाऱ्या मुलाला प्रत्येक संच वेगळ्या पिशवीत हवा. संचाचा क्रमांक खोक्यावर आणि पुस्तिकेवर छापलेला असतो, तो पिशवीवर लिहावा. मनाने करणाऱ्याला सगळे एकत्र करून आकारवार लावलेले बरे. पुस्तिका हरवली तरी घाबरण्याचे कारण नाही. लेगो कंपनी आपल्या बहुतेक संचांच्या पुस्तिका मोबाइलवर फुकट उतरवून घेऊ देते, त्यासाठी संचाचा क्रमांक मात्र हवा. म्हणून खोके फेकण्यापूर्वी क्रमांक टिपून ठेवा, हे खेळण्याच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, "घरात तीन वर्षांखालचे मूल आहे का?" त्याविषयी पुढे येईल.

शिंपी बंधूंसाठी: नाडीची चादर

दहा बाय बाराच्या खोलीत कपाटाला जागा नसते. तिथे नाडीची गोल चादर हा सर्वांत स्वस्त आणि सोयीचा उपाय आहे. खेळताना ती सतरंजीसारखी पसरते. खेळ संपला की नाडी ओढायची, सगळे ठोकळे आत, आणि गाठोडे खुंटीला. आवरायला अर्धे मिनिट पुरते.

कापड जाड आणि गुळगुळीत घ्यावे. ड्रिल, कॅनव्हास किंवा पिशव्यांचे नायलॉन चालते. टर्किश किंवा मऊ केसाळ कापड नको, त्यात बारीक तुकडे अडकतात. आतली बाजू फिकट आणि एकरंगी हवी. छापील नक्षीवर तुकडा दिसत नाही. नक्षी बाहेरून असावी.

माप असे धरावे. ५८ ते ६० इंच पन्ह्याच्या कापडातून ५६ इंच व्यासाचा गोल कापा. कडेने एक-एक इंच दुमडून ५४ इंचांची तयार चादर मिळते. तिचा घेर सुमारे १७० इंच होतो. एकच नाडी घातली तर तोंड एका बाजूला ओढले जाते आणि नीट मिटत नाही. म्हणून समोरासमोर दोन तोंडे ठेवावीत आणि दोन नाड्या घालाव्यात. प्रत्येक नाडी पूर्ण घेर फिरून आपल्याच तोंडातून बाहेर यावी. दोन्ही बाजूंनी ओढले की तोंड सरळ मिटते. प्रत्येक नाडी साधारण साडेपाच वार लागते.

गोल कडा दुमडणे त्रासाचे असते, तिथे चुण्या पडतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक, नाडीची घडी अंगच्या कापडाची न करता वेगळी उरेब पट्टी लावून करावी. दोन, गोलाऐवजी अष्टकोन कापावा. आठ सरळ कडा झटपट शिवून होतात, आणि नाडी ओढल्यावर गोल आणि अष्टकोन यांत गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. कापडही थोडे वाचते. चौकोनातून गोल काढला तर शेकडा एकवीस भाग कापड कोपऱ्यांत जाते, अष्टकोनात शेकडा सतरा. कोपऱ्यांचे तुकडे फेकू नयेत. त्यांच्या लहान पिशव्या शिवून चादरीसोबत द्याव्यात. माणसे, चाके आणि बारीक सामान त्यांत राहते. गिऱ्हाइकाला काही जास्त मिळाल्याचे समाधान होते आणि आपले चिंधीत जाणारे कापड कामी येते.

तळाच्या मधोमध जाड कापडाचा दुसरा थर द्यावा. वजन तिथेच पडते, आणि ठोकळ्यांच्या टोकदार कोपऱ्यांनी कापड प्रथम तिथेच फाटते. शिवण दुहेरी असावी.

एक इशारा. लांब नाडी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. गाठोडे उंच खुंटीला टांगावे, नाडीची टोके वर गुंडाळून ठेवावीत आणि रांगते मूल असलेल्या घरी ते खाली पडू देऊ नये. ही सूचना चिठ्ठीवर मराठीत छापून प्रत्येक पिशवीत घालावी. चिठ्ठीला खर्च किरकोळ, पण त्यातून आपली जबाबदारी दिसते.

सुतार बंधूंसाठी: पलंगाखालची गाडी

शहरातल्या घरात जी जागा कोणी वापरत नाही ती पलंगाखाली असते. तिथे सरकणारा उथळ खण, चार चाकांची गाडी म्हणा, बसवता येतो. प्रथम पलंगाखालची मोकळी उंची मोजावी, आणि ती पलंगावर माणूस बसलेला असताना मोजावी, कारण फळी वाकते. आठ इंच मिळाले तर दोन इंचांची चाके, तळ आणि चार इंचांच्या बाजू मिळून सव्वासहा इंच होतात. वर दीड-पावणेदोन इंच मोकळे राहतात, तेवढे पुरेत.

तीन फूट बाय दोन फूट, चार इंच खोल खण काठोकाठ भरला तर आमच्या हिशेबाने पंधरा ते वीस किलो वजन होते. म्हणून तळाला चार मिलिमीटरचा प्लाय पुरत नाही, काही महिन्यांत झोल पडतो आणि गाडी जमिनीला घासते. तळ सहा मिलिमीटरचा असावा आणि खालून मध्ये एक आडवी पट्टी द्यावी. आतून पांढरे लॅमिनेट लावावे, म्हणजे काळा तुकडाही दिसतो आणि पुसायला सोपे जाते. कडा काच पेपरने नीट घासून गोल कराव्यात.

आतले पडदे खिळ्याने पक्के करू नयेत. बाजूंना खाचा पाडून पडदे सरकते ठेवावेत. आज मुलाकडे चाके जास्त असतील, उद्या दारे-खिडक्या जास्त होतील. वर्ग बदलतो तसा पडदा सरकवता आला पाहिजे. धूळ बसू नये म्हणून वर पातळ झाकण द्यावे. झाकण उलटे केले की त्यावरच ठोकळे जोडायला बसता येते, एवढी एक कड त्याला ठेवावी.

आणखी एक लहान वस्तू सुताराला सहज करता येते, ती म्हणजे ठोकळ्यांची चाळण. एकावर एक बसणारे तीन ट्रे घ्यावेत. वरच्या ट्रेच्या तळाला १८ मिलिमीटरच्या बिटने जवळजवळ भोके पाडावीत, मधल्याला १२ मिलिमीटरच्या बिटने, आणि खालचा ट्रे बंद तळाचा. सगळे ठोकळे वर ओतून हलवले की दोन ओळींचे ठोकळे आणि मोठे तुकडे वर राहतात. एका ओळीचे ठोकळे आणि अरुंद चपटे तुकडे मध्ये येतात. एका उंचवट्याचे बारीक तुकडे तळाला जातात. यात आकडेमोड आहे. दोन ओळींचा ठोकळा उभा केला तरी त्याची तिरकी रुंदी साडेअठरा मिलिमीटर भरते, म्हणून तो अठराच्या भोकातून जात नाही. पाऊण इंची बिट घेतला तर मात्र भोक एकोणीस मिलिमीटरचे होते आणि तो कधी कधी निसटतो. म्हणून इंची बिट न घेता मिलिमीटरचाच घ्यावा. चाळणीने सगळी वर्गवारी होत नाही, पण हाताचे अर्धे काम वाचते. भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी घासाव्यात, नाहीतर कुसळे निघतात.

डब्यांच्या व्यापाऱ्यांसाठी

प्लास्टिकचे डबे विकणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. डबा पारदर्शक असावा. मुलाला वाचता येत नसले तरी आत काय आहे ते दिसते. अपारदर्शक डबा असेल तर आतला एक तुकडा बाहेरून चिकटवून द्यावा, चिठ्ठीपेक्षा ती खूण चांगली. दुसरे, डबे एकाच जातीचे, एकावर एक बसणारे आणि वर्षभराने पुन्हा मिळतील असे ठेवावेत. गिऱ्हाईक आज सहा नेते आणि सहा महिन्यांनी आणखी चार मागायला येते. तोवर माप बदलले तर ते दुसऱ्या दुकानात जाते. तिसरे, झाकण मुलाला उघडता आले पाहिजे. घरात तान्हे मूल असेल तर मात्र उलट, खटक्याचे घट्ट झाकण द्यावे.

बिस्किटांचे उथळ डबे, मिठाईचे प्लास्टिकचे खोके, शिलाईच्या सामानाचे खणांचे डबे हेही चालतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला महाग वस्तूच हवी असते असे नाही. कमी खर्चाचा मार्ग ज्या दुकानदाराने सांगितला त्याच्याकडे लोक पुन्हा येतात.

तोंडात जाणारा तुकडा

खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या तपासणीत एक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तळ तिरका असतो. जो तुकडा त्यात न दाबता पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. साधे ठोकळे बहुतेक सगळे त्यात मावतात. म्हणून धाकटे मूल असलेल्या घरी दोन जागा कराव्यात. मोठे डुप्लोसारखे ठोकळे खाली, मुलांच्या हाताशी. बारीक ठोकळे वर, मोठ्या भावाच्या खांद्याच्या उंचीवर आणि झाकणात. मोठ्याने टेबलावर खेळावे, जमिनीवर नाही. सुताराने कपाट करतानाच खालचे खण मोठ्या तुकड्यांचे आणि वरचे बारकांचे ठेवावेत. आमच्या मिस्त्रींनी दुसऱ्या वेळी हेच केले.

लोहचुंबकाचे ठोकळे आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पाडतात. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत भाजल्यासारखी जखम करते. असा संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नये, तडक इस्पितळात न्यावे. ठोकळ्यांत मोटार किंवा दिवा असेल तर साठवून ठेवण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी.

धुणे आणि पावसाळा

हे ठोकळे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. धुताना कोमट पाणी, ४० अंशांपेक्षा गरम नाही, आणि सौम्य साबण वापरावा. उकळते पाणी, कपड्यांचे यंत्र आणि कडक ऊन टाळावे. उष्णतेने तुकडे वाकतात आणि मग पकड धरत नाहीत. उन्हात पांढरे आणि राखी तुकडे पिवळे पडतात, म्हणून खिडकीजवळचे कपाट नको. मोटार, तार किंवा छापील स्टिकर असलेले तुकडे पाण्यात बुडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत. कोकणात पावसाळ्यात ठोकळ्यांना काही होत नाही, पण पुस्तिकांना बुरशी येते. त्या वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. धुतलेले ठोकळे पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावू नये.

कायदा आणि नाव

साठवणीचे सामान करता करता काही कारागीर स्वतःच लाकडी ठोकळे करू लागतात. विचार चांगला आहे. सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण यांची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत. परंतु खेळण्यांविषयीचा २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे त्याने सक्तीचे केले. हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. म्हणून आधी नोंदणी आणि मग विक्री, हा क्रम ठेवावा. दुकानदारांनीही चिन्ह नसलेला स्वस्त माल भरू नये. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये शेकडा २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० झाले. देशी मालाला त्यामुळे वाव मिळाला. पण तो वाव चांगल्या मालाने टिकवला पाहिजे.

नावाविषयीही सावध असावे. जुन्या ठोकळ्यांच्या रचनेचे पेटंट केव्हाच संपले, म्हणून इतर कंपन्याही तसेच ठोकळे काढतात. पण कंपनीचे नाव आणि चिन्ह आजही तिच्या मालकीचे आहे. आपल्या पिशवीवर किंवा कपाटावर ते छापू नये. 'ठोकळ्यांची पिशवी' म्हणावे, स्वतःचे नाव द्यावे. दुसऱ्याच्या नावावर चार दिवस धंदा होतो, आपल्या नावावर पिढ्यान् पिढ्या होतो.

भाव कसा सांगावा

आपले पुष्कळ कारागीर कापड आणि मजुरी मिळवून भाव सांगतात आणि तिथेच नुकसानीत जातात. नाडी, दोरा, आतला थर, वाया गेलेले कापड, छापील चिठ्ठी, नेण्या-आणण्याचे भाडे आणि परत आलेला एखादा नग, हे सर्व हिशेबात धरावे. समजा दहा पिशव्यांत एक परत येते, तर तिचा खर्च उरलेल्या नऊंवर बसला पाहिजे. सुतारांनी माप घ्यायला गेलेला दिवसही कामाचा दिवस म्हणून लिहावा. आणि पहिल्या भेटीतच ते तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. ठोकळे किती, मूल कसे खेळते, घरात लहान मूल आहे का. मग माप, मग भाव.

आमच्या मिस्त्रींनी जुन्या कपाटाचे चोवीस खण अर्धे कापून उथळ केले, तेवढ्याच उंचीत आणखी खण बसवले आणि बारीक तुकड्यांची ओळ वर नेली. चार दिवसांची मजुरी गेली. पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच इमारतीतून त्यांना तीन ऑर्डरी आल्या. आता ते कपाटाचे माप घेण्याआधी ठोकळ्यांची टोपली पुढ्यात मागवतात, ती जमिनीवर ओततात आणि त्या मुलालाच विचारतात, "बेटा, यात तुला काय सापडत नाही ते आधी सांग."